वाऱ्याला बोल लावू नकोस

सांगली,
८ जुलै २०२५

चि. बाळ्या,


“वारा म्हणजे लॉटरी, मामा. लागली तर लागली.” टूर द फ्रान्सचा शनिवारचा लीलचा टप्पा पाहून, एकादशीच्या रात्री पाठवलेल्या निरोपात तू हे वाक्य टाकलंस आणि पुढे निघून गेलास. मी मात्र तिथेच अडकलो. फोन करून तुला झापणार होतो, पण फोनवर तू ‘हो, हो, बरोबर आहे’ म्हणतोस आणि लगेच ‘जेवलात का’ विचारतोस. पत्रात तशी सोय नाही. बस आणि वाच.

निरोपाच्या अगदी शेवटी, जिना उतरता उतरता सांगावं तसं, आणखी एक सांगितलंस. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे. मामा शर्यतीच्या नादात तेवढं ऐकणार नाही, असा तुझा हिशेब असेल तर तो चुकला आहे.

आधी रेमको. रेमको इव्हेनपूलची पहिल्याच दिवशी ३९ सेकंदं गेली, रॉग्लिचचीही गेली, आणि पोगाचार-विंगेगार्ड पुढच्या गटात बसून निवांत आत आले. तू हळहळलास. हळहळ मला समजते. पण लॉटरी? लीलहून निघून परत लीललाच येणारा रस्ता, फ्रान्सचा तो उत्तरेकडचा सपाट कोपरा, पलीकडे लगेच बेल्जियम. तिथे वारा असतो हे तिथल्या शाळकरी पोराला ठाऊक. हवामानाचा अंदाज प्रत्येक संघाच्या गाडीत होता. कुठल्या गावानंतर रस्ता वळतो आणि वळल्यावर वारा कुठल्या खांद्यावर येतो, हे आजकाल सगळे संघ आधीच नकाशावर बोट ठेवून पाहतात. लॉटरीचा आकडा आदल्या रात्री सगळ्यांना सांगून ठेवतात का रे कुठे?

शेवटच्या वीसेक किलोमीटरांत वारा आडवा आला आणि विंगेगार्डच्या संघाने दाबलं. पोगाचार तिथे होता. गिरमाय तिथे होता. टप्पा जिंकणारा फिलिप्सेन तर होताच. रेमको नव्हता. आणि रेमको कोण? बेल्जियमचा, म्हणजे याच वाऱ्यात वाढलेला. संघ कुठला? क्विक-स्टेप! वाऱ्यात घोळका कसा फोडायचा याची ज्या संघाने वर्षानुवर्षं शिकवणी घेतली, त्या संघाचा म्होरक्या मागच्या गटात सापडतो आणि आपण वाऱ्याला शिव्या देतो.

२०१३ आठव. १२ जुलै, तूर शहरातून निघालेला तो टप्पा, सपाट आणि कंटाळवाणा म्हणून पेपरवाल्यांनी आधीच मोडीत काढलेला. तू क्लासला जातो सांगून माझ्याकडे आला होतास. (तुझ्या आईला अजून माहीत नाही. मी सांगितलेलंही नाही. पण तोंडावर ठेवायला माझ्याकडे आहे, हे विसरू नकोस.) याच क्विक-स्टेपने त्या दिवशी घोळक्याच्या चिंध्या केल्या. वाल्वेर्दे एकूण क्रमवारीत दुसरा होता. नेमकं त्याच वेळी त्याचं चाक गेलं, साथीदार थांबले, सगळे जीव तोडून मागे लागले, आणि संध्याकाळी पाहावं तर जवळजवळ दहा मिनिटं गेलेली. चाक जाणं हे नशीब, तेवढं मी तुला देतो. पण पुढे काय झालं? टप्पा संपत आलेला असताना कोन्तादोरच्या संघाने पुन्हा एक झटका दिला आणि पिवळ्या जर्सीतला फ्रूम, डोंगरात कुणाच्या हाती न लागणारा फ्रूम, चढ नावालाही नसलेल्या रस्त्यावर १ मिनिट ९ सेकंद गमावून आला. त्याचं काही फुटलं नव्हतं. तो थोडासा मागे होता, एवढंच. कॅव्हेंडिशने मात्र भोक दिसताक्षणी उडी मारली आणि त्या पुढच्या गटात जाऊन बसला. टप्पाही त्यानेच घेतला. उडी मारायला तो तिथे जवळपास होता म्हणून मारली ना?

तुला हे ठाऊक आहे, तू इंजिनिअर आहेस, तरी सांगतो, कारण ठाऊक असणारी माणसंच असलं काहीतरी बोलतात. वारा समोरून असला की घोळका म्हणजे उबदार घर. तू शिकलास त्याच आइंडहोवेनच्या विद्यापीठातल्या बेर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला हवेचा विरोध किती, तर एकट्याने चालवणाऱ्याच्या ५ ते १० टक्के! म्हणजे आत बसलेला माणूस गप्पा मारत, खिशातलं खात, मधेच जाकीट काढत जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय दम आहे. वारा आडवा झाला की हे सुख संपलं. आडोसा आता पाठीमागे नसतो, तिरका असतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या थोडं मागे, त्याच्या उजवीकडे लागायचं, त्याच्या उजवीकडे तिसऱ्याने, आणि अशी ती तिरकी रांग, म्हणजे एशलॉन, रस्त्याच्या उजव्या कडेपर्यंत जाते. पुढे रस्ताच नसतो. पंगतीत पंधरा पाट मांडले असले तर सोळाव्याने दाराशी उभं राहायचं, तसंच हे. फरक एवढाच की इथे दुसरी पंगत बसेस्तोवर पहिली गावाबाहेर गेलेली असते. आणि पुढचे संघ पक्के लबाड. पहिला गडी वाऱ्याच्या बाजूच्या कडेला जातच नाही, रस्त्याच्या मधूनच हाकतो, म्हणजे पाट आठच मांडले जातात आणि आठही घरच्यांसाठी. बाकीचे सगळे रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर, एकामागे एक, प्रत्येक जण आपापला वारा खात. काही मिनिटं तोंड वाकडं करून तग धरतात. मग कुठेतरी एकाच्या आणि त्याच्या पुढच्याच्या चाकात हातभर जागा पडते. त्याच्या मागे शंभर जण असले तरी शंभरही गेले, कारण ती जागा भरायला बाहेर निघणाऱ्याला तोच वारा.

आता सांग, तो सोळावा कोण, हे वाऱ्याने ठरवलं का? वळणाच्या आधी, अजून झाडांची रांग आहे, सगळं शांत आहे, तेव्हाच ते ठरलेलं असतं. शर्यतीतली ती दहा मिनिटं मला सगळ्यात आवडतात. टीव्हीवर काही घडत नाही, समालोचक एखाद्या चर्चचा इतिहास सांगत असतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एकेक संघ गुपचूप पुढे सरकत असतो. खांद्याला खांदा घासतो. कुणी ओरडत नाही. तुझ्या आजीला एकदा मी हे दाखवत होतो तर ती म्हणाली, “काही होतच नाहीये यात.” म्हटलं, सगळं आताच होतंय.

किंतानाचा दाखला तू दिलास म्हणून तर मला पेन उचलावं लागलं. २०१५, तुझ्या हॉलंडात, यूट्रेक्ट ते झीलंड, १६६ किलोमीटर, दुसराच दिवस. पाऊस, वादळ, आणि शेवट नेल्ट्ये यान्सला, समुद्र अडवायला बांधलेल्या त्या प्रचंड बंधाऱ्यावर. ग्राइपेलने टप्पा मारला, कान्चेलाराच्या अंगावर पिवळी जर्सी आली, फ्रूम आणि कोन्तादोर पुढच्या गटात, आणि किंताना, निबाली १ मिनिट २८ सेकंद मागे. तीन आठवड्यांनी पॅरिसमध्ये फ्रूम आणि किंताना यांच्यातलं अंतर किती? १ मिनिट १२ सेकंद. यावर तुझी वजाबाकी अशी, की वाऱ्याने किंतानाची टूर चोरली.

वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष बालवाडीतला आहे. शर्यत अशी सुट्या सुट्या दिवसांनी बनत नाही. आल्प द्युएझवर किंतानाने फ्रूमकडून १ मिनिट २० सेकंद उकळले, ते फ्रूमने कसे सोसले? गाठीला होते म्हणून. नसते तर तो वेगळा चालवला असता, त्याच्या संघाने आधीच्या डोंगरात वेगळं काहीतरी मांडलं असतं. झीलंडच्या त्या ८८ सेकंदांनी पुढचे सगळे दिवस बदलले. ती सेकंदं किंतानाने घालवली, कुणी चोरली नाहीत. आणि फ्रूम तरी काय हॉलंडचा होता? जन्म केनियातला. त्याला वाऱ्यातलं काय कळणार, असं सुरुवातीला कितीतरी जण म्हणत. त्याने शिकून घेतलं. पुढे-मागे थॉमस, स्टॅनर्ड, रो असले धिप्पाड गडी ठेवले आणि त्यांच्या सावलीत चालवायला शिकला. २०१६ ला तर पुढची गंमत. कार्कासोन ते मोंपेलिए, दक्षिणेचा तो कुप्रसिद्ध वारा, सागान आणि त्याचा साथीदार बोदनार निघाले, आणि त्यांच्या मागे कोण? अंगावर पिवळी जर्सी घातलेला फ्रूम स्वतः, बरोबर थॉमस. मिळवलं किती? सहा सेकंदांचं अंतर आणि सहा सेकंदांचा बोनस. बारा सेकंदांसाठी पिवळी जर्सी सपाट रस्त्यावर जीव टाकते. किंताना पुन्हा मागे. मला त्या दिवशी फ्रूम पहिल्यांदा आवडला, आधी तो माझ्या डोक्यात जायचा, कोपरं बाहेर काढून चालवायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी व्हाँतू. शिखरावर वारा इतका की शेवटची रेषा सहा किलोमीटर खाली, शाले रेनारला आणावी लागली. वर पांगणारी गर्दी तेवढ्याशा रस्त्यावर दाटली, मोटारसायकल अडली, पोर्ट तिच्यावर आदळला, त्याच्यावर मोलेमा आणि फ्रूम. मग फ्रूम सायकल टाकून डोंगर पळत सुटला. तुझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, “सायकलची शर्यत ना ही? मग हा पळतोय कशाला?” तुला हसू आवरेना. त्या दिवशीही वाऱ्यानेच सगळं केलं, म्हणशील. मी म्हणेन, रेषा खाली आणल्यावर कठडेही खाली आणायचे होते. वारा येणार हे एक दिवस आधी कळलेलं होतं.

बरं, किंतानाचीच गोष्ट पूर्ण करू. तो बोयाकाचा, अँडीजच्या उंच पठारावरचा, चणीने लहान. असल्या माणसाला वारा पाचोळ्यासारखा उडवतो. २०१९ चा स्पेनचा व्हुएल्ता, सतरावा टप्पा, आरांदा दे दुएरो ते ग्वादालाहारा, जवळजवळ २२० किलोमीटर. सुरुवातीलाच घोळका फुटला. पुन्हा क्विक-स्टेपचं काम. जिल्बेर जिंकला, तासाला ५० किलोमीटरच्या वर सरासरी! आणि त्या पुढच्या गटात कोण होतं? तोच किंताना. लाल जर्सीतला रॉग्लिच पाच मिनिटांहून जास्त मागे. तो व्हुएल्ता पुढे रॉग्लिचनेच जिंकला, किंताना पहिल्या तिघांतही आला नाही, हे मला माहीत आहे, लिहून पाठवू नकोस. पण त्या एका दिवसापुरता झीलंडचा माणूस बदललेला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिस–नीसच्या सुरुवातीच्या वाऱ्यात बेर्नाल पुढे राहिला आणि शर्यत घेऊन गेला, तोही कोलंबियाचा, तोही डोंगरातला. जुलैमध्ये आल्बीच्या टप्प्यात पिनो १ मिनिट ४० सेकंद मागे राहिला, बेर्नाल नाही, आणि ती टूरही बेर्नालची. लॉटरी एकाच माणसाला इतक्यांदा कशी लागते रे?

आता तू पोगाचार काढणार. २०२०, लावोरचा टप्पा, वाऱ्यात १ मिनिट २१ सेकंद घालवले, तरी शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये रॉग्लिचला उलटवून ५९ सेकंदांनी टूर जिंकला. मग वाऱ्यात पुढे असण्याचं एवढं काय, असं विचारशील. मला हा दाखला चालत नाही. पोगाचार कशाचाच दाखला होऊ शकत नाही, तो उधारी फेडू शकतो म्हणून सगळ्यांनी उधारी करावी असं नाही. आणि परवा लीलला तो कुठे होता ते पुन्हा एकदा बघ.

खरं म्हणजे आपलं सगळ्यांचंच दुखणं वेगळं आहे. आपण सह्याद्रीची माणसं. आपल्याला चढ कळतो. मुंबई-पुणे शर्यतीत आपण कशाची वाट बघायचो? बोरघाटाची. जिंकणारा पुण्यात जिंकायचा, पण लोकांच्या तोंडी नाव ‘घाटाचा राजा’चं. घाटात सगळं डोळ्यांसमोर घडतं, एक माणूस जातो, दुसरा राहतो, कारण उघड. सपाट रस्त्यावर काय झालं ते बघणाऱ्याला कळत नाही, मग तो म्हणतो नशीब. टूर बघतानाही आपली मंडळी पहिला आठवडा झोपून काढतात आणि डोंगर आला की उठतात. तिथे पोचेपर्यंत निम्मे उमेदवार दीड-दोन मिनिटं घालवून बसलेले असतात. ती कुठे गेली, याची कुणी चौकशीही करत नाही. मिरज रोडवरच्या आपल्या सायकलवाल्या अण्णांना मी हे कितीदा सांगितलं. ते म्हणतात, तुम्ही म्हातारे झालात म्हणून सपाट रस्ता आवडायला लागला. अण्णा स्वतः माझ्यापेक्षा मोठे आहेत.

आणि हे सायकलपुरतं नाही, बाळ्या. माझा राग त्या एका वाक्यावर आहे, पण ते वाक्य आपल्या घरात रोज बोललं जातं. तुझ्या मावशीच्या पोराचा प्रवेश हुकला तेव्हा सगळ्यांनी काय म्हटलं? योग नव्हता. फॉर्म भरायला महिना होता. साहेबांनी शेवटच्या रात्री अकराला लॅपटॉप उघडला आणि वेबसाइट बंद पडली. महिनाभर रस्त्याला झाडं होती, तेव्हा हा मागे बसून शेंगदाणे खात होता, आणि वळण आल्यावर योग! तुझ्या आजोबांच्या जमिनीचं काय झालं ते तुला सांगायला नको. तिथेही सगळे नशिबालाच बोल लावून मोकळे झाले. आणि तुझं स्वतःचं? शाळेत शेवटचा बाक. कॉलेजात शेवटचा बाक. तिकडे ऑफिसच्या मिटिंगमध्येही कोपऱ्यातली खुर्ची धरतोस, हे तूच हसत सांगितलंस. त्या हॉलंडच्या लोकांना तोंडावर बोललेलं चालतं म्हणतोस, मग बोलत का नाहीस? तुझ्या डोक्यातली गोष्ट दुसरा बोलून जातो आणि तू मला रविवारी फोनवर सांगतोस की माझीच कल्पना होती. तुझी होती तर पुढे यायचं होतंस. मागे बसणाऱ्याला सगळं स्वस्तात मिळतं, पाच-दहा टक्क्यांत, ब्लोकेनसाहेबांनी मोजूनच ठेवलंय. पण ते वारा समोरून असेपर्यंत. तो कायम समोरूनच येईल असं तुला कुणी सांगितलं? चाळकेवाडीच्या पठारावर, त्या पवनचक्क्यांखाली, तू माझ्या मागे लागला होतास आणि दर पाच मिनिटांनी ‘मामा, हळू’ म्हणत होतास. मी तुला काय ओरडून सांगितलं ते आठवतंय का? मागे नाही, बाजूला ये!

असो. फार झालं. आता त्या शेवटच्या गोष्टीकडे.

“आज सकाळी क्लबबरोबर झीलंडला होतो, एशलॉन करत होतो, पुढच्याच्या चाकाला चाक लागलं, जरा खरचटलं, बाकी मजा आली.” असं तू म्हणालास. जरा म्हणजे किती? कुठे? कोपर की खांदा? डोक्याला काही लागलं का? तिकडे साधी सायकल चालवताना कुणी हेल्मेट घालत नाही, ते बघून तुलाही ती सवय लागली आहे असं तुझ्या फोटोंवरून दिसतं. क्लबच्या फोटोत घातलेलं दिसलं, पण पट्टा हनुवटीखाली लोंबत होता. तो पट्टा शोभेला नसतो.

या चार दिवसांत काय काय झालं ते तूही पाहिलंस. शनिवारी गाना पडून शर्यतीबाहेर, बिसेगरही बाहेर. काल डंकर्कच्या वाटेवर फिलिप्सेन, पहिल्या दिवशीचा विजेता, अंगावर हिरवी जर्सी, मधल्या स्प्रिंटमध्ये आपटला आणि कॉलरबोन मोडून घरी. ही माणसं दिवसभर हेच करतात, त्यांना पगार मिळतो, मागे डॉक्टरची गाडी असते. तरी पडतात. एशलॉनमध्ये पुढच्याचं मागचं चाक आणि तुझं पुढचं चाक एकमेकांच्या बाजूला असतात, मागे-पुढे नसतात. तो वाऱ्याच्या झोताने अर्धा फूट जरी सरकला तरी आधी तूच पडणार, तो नाही. आणि तुझ्या मागचे तुझ्यावर. तिकडच्या बांधावरून खाली उतार, उताराखाली पाणी किंवा दगड. तुझ्या क्लबात किती जणांना हे येतं? जे शिकवतात ते कोण आहेत? तुम्ही बोलता कोणत्या भाषेत? ‘डावीकडे खड्डा’ असं कुणी डचमध्ये ओरडलं तर तुला त्याच क्षणी कळतं का?

पुढे असायला सांगणारा मामा आता मागे राहा म्हणतोय, म्हणून हसू नकोस. मी मागे राहा म्हणत नाही. मी म्हणतो, वाऱ्यात माणसांच्या चाकाला चाक लावून जाऊ नकोस. निदान वर्षभर तरी. आधी दोघांत शिक. मग चौघांत. रस्ता रिकामा असेल तेव्हा. आणि वारा कमी असेल तेव्हा. वारा कमी असेल तर एशलॉन कशाला, असं विचारशील, मला माहीत आहे. विचारू नकोस.

त्यापेक्षा ते दुसरं बरं, ज्याच्याबद्दल तू मागे बोलला होतास, त्याच बंधाऱ्यावरची उलट्या वाऱ्याची शर्यत. वादळाचा इशारा आला की दोन-चार दिवस आधी घोषणा करतात, सगळ्यांना सारख्या, गिअर नसलेल्या साध्या सायकली, आणि साडेआठ किलोमीटर नाकासमोर वारा. एकेकट्याने सुटायचं. त्यात भाग घे, माझी ना नाही. समोरचा वारा माणसाला थांबवतो, पाडत नाही. दम निघेल, फुप्फुसं बाहेर येतील, पण हाडं जागेवर राहतील. १९५३ च्या पुरात त्या भागात अठराशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर त्या लोकांनी तो बंधारा बांधला. समुद्राला नशीब म्हणत बसले नाहीत. तू तिथे सायकल चालवणार असशील तर एवढं तरी त्यांच्याकडून घे. पण बंधाऱ्यावर आडवा झोत मधेच येतो का, कठडा किती उंच आहे, हे आधी कुणाला तरी विचार. आणि थंडीत कानाला बांधून जा, लहानपणी तुझा कान दुखायचा.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात तू कार्बनच्या त्या खोल रिमच्या चाकांचा फोटो पाठवलास आणि मी कौतुक केलं. दिसायला छानच आहेत. अण्णांना दाखवला तर ते म्हणाले, झीलंडमध्ये असली चाकं? आडवा वारा त्या रिमच्या पाळीत भरतो आणि हँडल हातातून ओढून नेतो, विशेषतः पुढच्या चाकात, आणि पोराचं वजन किती? मी म्हटलं, साठ. ते काही बोलले नाहीत, पंक्चर काढत राहिले. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. तू पडलास तेव्हा कुठली चाकं होती? खरं सांग. ती असतील तर पुढचं तरी काढून साधं, बुटक्या रिमचं बसव. मागचं राहू दे हवं तर, मागच्याने एवढं बिघडत नाही असं अण्णा म्हणतात. विकायची झाली तर तिथेच विक, इथे आणू नकोस, कस्टमवाले छळतात. पैसे कमी पडले तर मला सांग, आईला नको.

आईला मी काही बोललो नाही. पण ती रोज तुझा व्हॉट्सअॅप बघते, आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तू लांब बाह्यांचा शर्ट घालून बसलास तर तिला लगेच कळेल. जुलैत तिकडे उकडतं म्हणून तूच ओरडत असतोस. त्याच्या आधी मला कोपराचा, खांद्याचा, जे काही असेल त्याचा फोटो पाठव. पट्टी काढून. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? मागचं कधी घेतलं होतंस? डॉक्टरकडे गेला नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी फोन लाव. तिकडे अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही म्हणतोस, म्हणून आजच लाव.

तुझा,
मामा